अधिकारक्षेत्राअभावी अपील फेटाळले जाते तेव्हा

अधिकारक्षेत्र नसल्याने अपील फेटाळले की पक्षकार हरला, असे सर्रास समजले जाते. प्रत्यक्षात अशा निकालात वादाच्या खरेखोटेपणावर काहीच ठरलेले नसते. गोव्यातल्या चोपडे गावातील एखाद्याची मुंडकार (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारा) म्हणून नोंद करण्याचा अर्ज पेडण्याच्या मामलेदाराने नाकारला, तर १९७५ च्या मुंडकार कायद्याप्रमाणे अपील जिल्हाधिकाऱ्याकडे आणि त्यानंतरचे पुनरीक्षण प्रशासकीय लवादाकडे जाते. तेच अपील घेऊन तो जिल्हा न्यायालयात गेला, तर ते टिकणार नाही. पण तो मुंडकार आहे की नाही, हा प्रश्न तिथेही अनुत्तरितच राहतो. भाटकाराला त्या आदेशाच्या जोरावर ‘न्यायालयाने मुंडकारपण नाकारले’ असे म्हणता येत नाही.

‘समोरच्याने हरकत घेतली नाही, म्हणजे न्यायालयाला अधिकार मिळाला’ हा समज अर्धाच खरा. ठिकाण किंवा दाव्याचे मूल्य यांबाबतची हरकत वेळीच न घेतल्यास सहसा गमावली जाते. विषयच कायद्याने दुसऱ्या यंत्रणेकडे दिला असेल, तर मात्र दोघांच्या संमतीनेही अधिकार निर्माण होत नाही. तसा दिलेला निकाल अंमलबजावणीच्या टप्प्यावरही शून्यवत ठरवून घेता येतो. १९५४ च्या किरणसिंग विरुद्ध चमन पासवान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दोन्ही सूत्रे मांडली. वादींनी दाव्याचे मूल्य २,९५० रुपये दाखवून जिल्हा न्यायालयात अपील केले आणि ते हरले. मग खरे मूल्य ९,९८० रुपये असल्याने अपील उच्च न्यायालयातच हवे होते, अशी तक्रार त्यांनीच केली! चुकीच्या मूल्यांकनामुळे निकालाच्या गुणवत्तेला बाधा आल्याचे दिसले नाही, म्हणून ती मान्य झाली नाही.

अपील हा उपजत हक्क आहे, हाही गैरसमज. कायद्याने दिले तरच ते मिळते. उच्च न्यायालय प्रत्येक पायरीवर असतेच असेही नाही: राष्ट्रीय हरित लवादाच्या निकालावरचे वैधानिक अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जाते. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या पर्यावरण मंजुरीचा वाद याच वाटेने २०१८ मध्ये तिथे पोचला.

उरतो मुदतीचा प्रश्न. चुकीच्या ठिकाणी घालवलेला वेळ आपोआप वजा होत नाही. दाव्यासाठी असा वेळ वगळू देणारे मुदत कायद्याचे कलम १४ आहे. अपिलात विलंबमाफी मागताना त्याच तत्त्वाचा आधार घेता येतो, मात्र पक्षकार प्रामाणिकपणे आणि तत्परतेने लढत होता हे दाखवावे लागते. आदेशाची प्रमाणित प्रत हाती येताच योग्य ठिकाणी अर्ज करणारा आणि वर्षभर ती पेटीत ठेवणारा, यांना कायदा एकाच मापाने मोजत नाही.