विटनूम : ऑस्ट्रेलियातील निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न

प्रस्तावना :

ऑस्ट्रेलियाचा भूगोल शिकविताना पिलबारा हा प्रदेश लोहखनिजासाठी सांगितला जातो. पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यातील हॅमर्सली पर्वतरांग, तांबडे खडक, मैल मैल लांबीच्या मालगाड्या आणि बंदरात उभी असलेली अजस्र जहाजे असे त्याचे चित्र विद्यार्थ्यांसमोर उभे केले जाते. याच पर्वतरांगेच्या एका घळीत विटनूम नावाचे गाव होते, याचा उल्लेख मात्र आपल्या क्रमिक पुस्तकांत सहसा आढळत नाही. आज ते गाव अस्तित्वात नाही. २००७ साली शासनाने त्याचा गाव म्हणून असलेला दर्जा काढून घेतला, २०२२ साली ते बंद करण्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २०२३ मध्ये उरलेल्या इमारती पाडल्या. ज्या ठिकाणी एकेकाळी शाळा, दवाखाना, चित्रपटगृह आणि घोड्यांच्या शर्यतीचे मैदान होते, त्या ठिकाणी जाऊ नये अशा सूचनांचे फलक उभे आहेत.

पर्यावरणाचा ऱ्हास आणि सार्वजनिक आरोग्य यांचा संबंध समजून घेण्यासाठी विटनूमइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. या प्रकरणात धोक्याचे ज्ञान उशिरा आले असे घडले नाही. ज्ञान वेळेवर आले होते. त्यानुसार कृती होण्यास मात्र कित्येक दशके लागली. असे का घडले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

ॲस्बेस्टॉसचे स्वरूप व शरीरावरील परिणाम :

ॲस्बेस्टॉस हे एका खनिजाचे नाव नसून तंतुमय रचना असलेल्या काही सिलिकेट खनिजांचे व्यापारी नाव आहे. 'न विझणारे' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले. त्यापैकी तीन प्रकार व्यापारात महत्त्वाचे ठरले : क्रिसोटाइल म्हणजे पांढरे, अमोसाइट म्हणजे तपकिरी आणि क्रोसिडोलाइट म्हणजे निळे ॲस्बेस्टॉस. हा पदार्थ जळत नाही, गंजत नाही, आम्लाने सहजी खराब होत नाही, कापसासारखा विणता येतो आणि सिमेंटमध्ये मिसळल्यास पातळ पत्र्यालाही मजबुती देतो. विसाव्या शतकातील उद्योगांना याहून अधिक काय हवे होते?

जे गुण उद्योगाला उपकारक ठरले तेच शरीराला घातक ठरले. निळ्या ॲस्बेस्टॉसचा तंतू सुईसारखा सरळ आणि अत्यंत बारीक असतो. श्वासावाटे तो फुफ्फुसाच्या अगदी आतल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतो. शरीरातील भक्षक पेशी बाहेरच्या कणांना गिळून टाकतात, परंतु पेशीपेक्षा लांब असलेला हा तंतू त्यांना गिळता येत नाही आणि तो विरघळतही नाही. परिणामी त्या जागी वर्षानुवर्षे दाह चालू राहतो. त्यातून फुफ्फुसे कठीण होत जाणारा ॲस्बेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कर्करोग आणि फुफ्फुसाच्या किंवा उदराच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग असे आजार उद्भवतात. ॲस्बेस्टॉसच्या जोडीला धूम्रपान असेल तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. मेसोथेलिओमाचा मात्र धूम्रपानाशी संबंध नाही. तो जवळजवळ केवळ ॲस्बेस्टॉसमुळेच होतो, म्हणूनच तो या पदार्थाच्या वापराचा सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार मानला जातो.

येथे एक बाब विशेषत्वाने ध्यानात घेणे आवश्यक आहे. तंतू शरीरात गेल्यानंतर मेसोथेलिओमा प्रकट होण्यास साधारणतः वीस ते पन्नास वर्षे लागतात. निदानानंतर मात्र बहुसंख्य रुग्ण एखाद-दुसरे वर्षच जगतात. म्हणजे कारण आणि परिणाम यांच्यामध्ये माणसाचे जवळजवळ सगळे कर्ते आयुष्य उलटून जाते. तोपर्यंत कामगार गाव सोडून गेलेला असतो, खाण बंद झालेली असते, व्यवस्थापक निवृत्त झालेले असतात. विटनूमची पुढील हकीकत या विलंबाच्या संदर्भातच वाचावी लागते.

खाण आणि गाव :

पिलबारातील लोहखनिजाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या लँग हॅनकॉक यांनीच १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात या परिसरात निळ्या ॲस्बेस्टॉसचे उत्खनन सुरू केले. १९४३ साली साखर उद्योगातील सीएसआर या मोठ्या कंपनीच्या 'ऑस्ट्रेलियन ब्लू ॲस्बेस्टॉस' या उपकंपनीकडे खाण आली. १९४७ मध्ये कामगारांसाठी गाव वसविण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि इतर युरोपीय देशांतून स्थलांतरितांचे लोंढे ऑस्ट्रेलियात येत होते, त्यांतील अनेकांची पहिली नोकरी येथेच लागली. भाषा येत नाही, पर्थ शहर हजारांहून अधिक किलोमीटर दूर, उन्हाळ्यात असह्य उष्मा, अशा स्थितीत बहुतेकजण फार काळ टिकत नसत. निम्म्या कामगारांनी तेथे जेमतेम चार महिने किंवा त्याहून कमी काळ काम केले होते. पुढे हेच लोक देशभर आणि देशाबाहेरही पांगले.

खडक दळून तंतू वेगळे करणाऱ्या गिरणीत धुळीचे प्रमाण सर्वाधिक असे. तथापि धूळ गिरणीतच राहिली नाही. तंतू काढून घेतल्यावर उरलेला चुरा फुकट आणि मुबलक उपलब्ध होता. तो रस्त्यांवर, धावपट्टीवर, शर्यतीच्या मैदानात, शाळेच्या आवारात आणि घरांच्या अंगणांत पसरण्यात आला. तांबड्या मातीचा फुफाटा बसावा, हा त्यामागील हेतू होता. मुले त्यात खेळली. स्त्रियांनी धुळीने माखलेले कपडे घरी धुतले. गावात राहणे हेच पुरेसे कारण ठरले, खाणीत उतरण्याची गरज उरली नाही.

इशारे व त्यांचे काय झाले :

१९४८ साली डॉ. एरिक सेंट या तरुण वैद्यांनी विटनूमला भेट दिली. तेथील धूळ पाहून त्यांनी पर्थ येथील आरोग्य विभागाला लेखी कळविले, की ही खाण पुढे ॲस्बेस्टॉसिसचे अत्यंत घातक पीक देईल. खाणीच्या व्यवस्थापनालाही याची कल्पना देण्यात आली होती. हा इशारा गाव वसल्यानंतर अवघ्या वर्षभराने दिला गेला, हे लक्षात ठेवावे. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी निळे ॲस्बेस्टॉस आणि मेसोथेलिओमा यांचा संबंध दाखविणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच सुमारास पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शासकीय सेवेतील डॉ. जिम मॅकनल्टी यांना विटनूमच्या एका माजी कामगारात हा आजार आढळला. १९६२ साली त्यांनी तो वैद्यकीय नियतकालिकातून मांडला.

खाण १९६६ साली बंद झाली. कारण आरोग्याचे नव्हते, तोट्याचे होते! तोपर्यंत सुमारे दीड लाख टन तंतू बाहेर पडला होता आणि घळीत सुमारे तीस लाख टन चुऱ्याचे ढीग उरले होते. गाव त्यानंतरही चालू राहिले. ते टप्प्याटप्प्याने रिकामे करण्याचे धोरण राज्य शासनाने १९७८ मध्ये स्वीकारले, वीजपुरवठा २००६ साली तोडला.

केवळ कंपनीला दोष देऊन या घटनाक्रमाचा उलगडा होत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आरोग्य विभागाला माहिती होती, पण खाणीवर अधिकार खाण विभागाचा होता. खाण विभागाचे निरीक्षक धूळ मोजत आणि ती कमी करण्यास सांगत, परंतु दुर्गम भागातील रोजगार थांबविण्याची कोणाची तयारी नव्हती. शिवाय डोळ्यांसमोर कोणी मरत नव्हते. १९५० च्या दशकातील विटनूम हे तरुण, धट्ट्याकट्ट्या माणसांचे गाव होते.

नावांची यादी :

मग विटनूमची हानी मोजता आली ती कशी? याचे उत्तर कंपनीच्या कामगारांच्या नोंदवह्यांत आहे. १९४३ ते १९६६ या काळात कामावर घेतलेल्या सुमारे साडेसहा हजार पुरुषांची आणि चारशेहून अधिक स्त्रियांची नावे त्या नोंदींतून मिळाली. पर्थ येथील संशोधकांनी ही नावे मृत्यूच्या आणि कर्करोगाच्या नोंदणीशी जोडून पाहिली आणि त्यांचा पाठपुरावा दशकानुदशके चालू ठेवला. पुढे खाणीत कधीच काम न केलेल्या, परंतु गावात राहिलेल्या सुमारे ४,७०० जणांचीही अशीच यादी तयार झाली. त्यात कामगारांच्या पत्नी होत्या, बालपण तेथे गेलेली मुले होती. त्यांच्यातही मेसोथेलिओमा आढळला. विटनूमशी संबंधित मृत्यूंची संख्या दोन हजारांच्या वर असल्याचे मानले जाते. पीडितांनी १९७९ मध्ये संघटना उभारली, १९८८ साली न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले. त्या लढ्यामागेही या मोजदादीचे बळ होते.

यादीत ज्यांची नावे नीट आली नाहीत त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे. ही भूमी मूळची बन्जिमा या आदिवासी समूहाची आहे. ॲस्बेस्टॉसच्या वाहतुकीच्या कामात आदिवासींचा सहभाग होता आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील आदिवासींत मेसोथेलिओमाचे प्रमाण असाधारण असल्याचे १९९० च्या दशकातील संशोधनात दिसून आले. गाव पाडले गेले तरी ढीग जागेवरच आहेत. प्रत्येक मोठ्या पावसात त्यांतील चुरा ओढ्यांवाटे खाली वाहतो आणि सुमारे ४७ हजार हेक्टर क्षेत्र आजही दूषित म्हणून घोषित आहे. बन्जिमांची मागणी ही भूमी स्वच्छ करून मिळावी अशी आहे. रहिवाशांना हलविण्यासाठी कायदा करणे शासनाला तुलनेने सोपे गेले, असेच म्हणावे लागेल.

खाणीपासून घराच्या भिंतीपर्यंत :

विसाव्या शतकाच्या मध्यात दरडोई ॲस्बेस्टॉस वापरात ऑस्ट्रेलिया जगातील आघाडीच्या देशांपैकी होता. 'फायब्रो' नावाने ओळखल्या जाणाऱ्या ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या फळ्यांनी लक्षावधी स्वस्त घरे उभी राहिली. त्यामुळे आजाराची पहिली लाट खाण कामगारांत, दुसरी सुतार, नळकारागीर, बांधकाम मजूर यांच्यात आणि तिसरी स्वतःच्या घराची दुरुस्ती करणाऱ्यांत, असे वर्णन अभ्यासक करतात. कॅनबेरामध्ये १९६८ ते १९७९ या काळात घरांच्या छतांत सुटे ॲस्बेस्टॉस भरण्यात आले होते. एकदा ते काढूनही तंतू शिल्लक राहिल्याचे दिसल्याने २०१४ साली तेथील शासनाने अशी एक हजारांहून अधिक घरे विकत घेऊन पाडण्याचा निर्णय घेतला. २०२४ च्या जानेवारीत सिडनीतील एका नव्या उद्यानात झाडांभोवती पसरलेल्या पालापाचोळ्याच्या खतातही ॲस्बेस्टॉस सापडले.

फायब्रोचा सर्वांत मोठा उत्पादक असलेल्या जेम्स हार्डी कंपनीने २००१ साली भरपाईची जबाबदारी २९३ दशलक्ष डॉलरच्या एका प्रतिष्ठानाकडे सोपविली आणि पुढे आपले मुख्यालय नेदरलँड्सला हलविले. ही रक्कम अपुरी असल्याचे लवकरच उघड झाले. कंपनीचे माजी कामगार बर्नी बँटन प्राणवायूची नळी नाकाला लावून आंदोलनात उतरले. २००४ ची चौकशी आणि कामगार संघटनांचा दबाव यांतून नवा भरपाई निधी उभा राहिला. बँटन यांचे नोव्हेंबर २००७ मध्ये निधन झाले.

३१ डिसेंबर २००३ पासून ऑस्ट्रेलियात सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आहे. तरीही मेसोथेलिओमाचे दरवर्षी सुमारे सातशे ते आठशे नवे रुग्ण आढळतात, कारण आजचा रुग्ण हा कित्येक दशकांपूर्वीच्या धुळीचा असतो. या अनुभवाचा एक परिणाम नोंदविण्याजोगा आहे. स्वयंपाकघरातील ओट्यांसाठी वापरला जाणारा कृत्रिम दगड कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने तरुण कामगारांना सिलिकॉसिस होतो असे दिसताच त्या दगडावर १ जुलै २०२४ पासून बंदी घालण्यात आली. अशी बंदी घालणारा ऑस्ट्रेलिया हा पहिला देश होय.

भारतीय संदर्भ :

भारतात क्रिसोटाइलच्या वापरावर सरसकट बंदी नाही. आपल्याकडे ज्यांना नुसते 'सिमेंटचे पत्रे' म्हणतात, ते गोठे, गिरण्या, झोपड्या आणि क्वचित शाळांच्या छपरांवरही दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदीची मागणी मान्य केली नाही. त्यापूर्वी १९९५ साली ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर याच न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या मूलभूत अधिकाराचा भाग मानला आणि ॲस्बेस्टॉस उद्योगांना प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी सुरू झाल्यापासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत, जपून ठेवण्याचा आदेश दिला.

आजाराच्या विलंबाचा विचार करणारा हा आदेश आहे. १९९५ साली कामावर लागलेल्या कामगाराची नोंद त्या हिशेबाने किमान २०३५ पर्यंत जपावी लागते. मात्र तो कारखान्याच्या हजेरीपटावर नाव असलेल्या कामगारापुरता लागू पडतो. जुने छप्पर उतरविताना हातोडीने पत्रा फोडणाऱ्या रोजंदारीवरच्या मजुराचे नाव कोणत्याच पटावर नसते, आणि पत्रा फोडण्यापूर्वी तो पाण्याने भिजवून घ्यावा, एवढेही त्याला कोणी सांगितलेले नसते.