पडद्यावरचा गुन्हा, लेखांक ७ : मारेकऱ्याच्या खोलीतला पक्षी

गेल्या आठवड्यात ‘रिफीफी’मधला दरोडा पाहिला. जवळजवळ अर्धा तास ना संवाद, ना संगीत. चार माणसं मुकाट कामाला लागलेली. आज एकट्या माणसाची शांतता पाहू. झाँ-पिएर मेलव्हिल यांचा ‘ल सामुराई’, १९६७ सालचा.

सुरुवातीला पॅरिसमधली एक करडी खोली दिसते. पलंगावर कुणी पडलंय, हे सिगारेटचा धूर वर चढायला लागला की मगच लक्षात येतं. मधोमध पिंजरा आणि त्यातल्या पक्ष्याची चिवचिव. हा जेफ कॉस्तेलो, सुपारी घेऊन माणसं मारणारा. भूमिका आलाँ देलाँची. पहिली दहाएक मिनिटं पडद्यावर कुणी अक्षर बोलत नाही.

जेफ उठतो, आरशासमोर हॅटची कड बोटांनी सारखी करतो आणि बाहेर पडतो. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका सिट्रोएनमध्ये जाऊन बसतो. खिशातून किल्ल्यांचा भलामोठा जुडगा काढून शेजारच्या सीटवर ठेवतो. एक किल्ली लावून पाहतो, लागत नाही. दुसरी, तीही नाही. नजर समोरच्या ओल्या काचेवर, चेहऱ्यावरची रेष हलत नाही. दुसऱ्या कुणा दिग्दर्शकानं हे दोन सेकंदांत उरकलं असतं. मेलव्हिल आपल्याला किल्ली किल्ली मोजायला लावतात, आणि पुढची तरी लागू दे असं आपल्याला मनापासून वाटू लागतं. चोराच्या बाजूनं! संथ थरारपटाची सगळी ताकद मला इथे दिसते. खून करायला निघालेल्या माणसाच्या कामात आपण नकळत हातभार लावू लागतो.

पुढे खून होतो, ओळख परेड होते, मेट्रोत पाठलाग होतो. पोलीस ठाण्यातल्या नकाशावर दिवे लुकलुकत राहतात. हे सगळं उत्तम आहेच, पण मला त्या खोलीत परतायचंय. जेफ नसताना पोलीस आत शिरतात आणि आवाज टिपणारं यंत्र लपवून जातात. तो घरी येतो तेव्हा पक्षी पिंजऱ्यात सैरभैर झालेला असतो, खाली पिसं पडलेली असतात. जेफ ती पाहतो, थबकतो आणि खोली धुंडाळू लागतो. या माणसाला सावध करणारं जगात दुसरं कुणीच नाही, हे मेलव्हिल एकाही संवादाशिवाय सांगतात. ‘एकाकीपणा’ या शब्दाचा इतका नेमका अर्थ मला क्वचितच कुठे सापडला आहे.

जॉन वू यांचा ‘द किलर’ (१९८९) आणि जिम जारमुश यांचा ‘घोस्ट डॉग’ (१९९९) याच वाटेनं गेले. ‘ल सामुराई’च्या सुरुवातीला पडद्यावर येणारं बुशिदोचं, म्हणजे सामुराईंच्या आचारसंहितेचं, वचन मात्र कुठल्याही जपानी ग्रंथात शोधू नका. ते मेलव्हिल यांनी स्वतः रचलेलं आहे.

चित्रीकरण चालू असतानाच र्‍यू जेनरवरच्या त्यांच्या स्टुडिओला आग लागली आणि तो जळून गेला. तो पक्षी त्या आगीत मेला.