विमानतळावरील ओळख-तपासणी आणि मराठी नावाची रचना

प्रस्तावना : कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून २०१८ साली ‘उडान’ योजनेखाली प्रवासी सेवा पुन्हा सुरू झाली. विमानप्रवास सुलभ झाला, तरी प्रवेशद्वारावरील ओळख-तपासणी अनेकांना जाचक वाटते. त्यामागील एका कारणाचा येथे विचार केला आहे.

तपासणीचे स्वरूप : प्रवेशद्वारावर मुख्यतः दोन गोष्टी पाहिल्या जातात : तिकिटावरील नाव ओळखपत्राशी जुळते का आणि छायाचित्र त्याच व्यक्तीचे आहे का. शस्त्रांचा शोध ही पुढील, स्वतंत्र तपासणी होय. २०१७ साली आधार, पारपत्र, मतदार ओळखपत्र यांसह दहा प्रकारची ओळखपत्रे ग्राह्य ठरविण्यात आली. म्हणजेच अडचण ओळखपत्रांच्या अभावापेक्षा नावांतील विसंगतीची अधिक आहे.

विसंगतीचे मूळ : मराठी नाव त्रिपदी असते : स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव. तिकिटाच्या अर्जात बहुधा पहिले व शेवटचे असे दोनच रकाने असतात. विवाहानंतर अनेक स्त्रियांचे नाव बदलते. जुनी ओळखपत्रे तशीच राहतात. ‘दीपा’मधील दीर्घ ईकार रोमन लिपीत कोणी एका, तर कोणी दोन अक्षरांनी लिहितो. परिणामी निर्दोष प्रवाशाला, विशेषतः विवाहित स्त्रीला, आपणच आपण असल्याचे सिद्ध करावे लागते.

निष्कर्ष : २०२२ साली सुरू झालेल्या ‘डिजियात्रा’ सुविधेत चेहऱ्यावरून प्रवेश मिळतो, मात्र तिची नोंदणीही आधारवर अवलंबून असल्याने नावांचा मेळ तेथेही आवश्यक ठरतो. तपासणी शिथिल करणे हा उपाय नव्हे. तिकिटाच्या अर्जात ‘ओळखपत्रानुसार पूर्ण नाव’ असा एकच रकाना ठेवल्यास सुरक्षितता व प्रवाशाचा सन्मान दोन्ही राखता येतील.