मेरुरज्जूची दुखापत : श्रेणी काय सांगते आणि काय सांगत नाही

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात रोहणा हे गाव आहे. कापूस पिकविणाऱ्या या टापूत मेरुरज्जूस, म्हणजेच मज्जारज्जूस, इजा कशी होते हे सांगण्यास वैद्यकग्रंथांची आवश्यकता नाही. चिंचेच्या झाडावरून पडणे, कठडा नसलेल्या विहिरीत तोल जाणे, पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरताना घसरणे, रस्त्यावर मोटारसायकल उलटणे, ही तिची नित्याची कारणे होत. अशा अपघातानंतर घरची माणसे एकच प्रश्न विचारतात : हा पुन्हा चालेल काय? वर्गीकरणाचे शास्त्र प्रामुख्याने याच प्रश्नाचे उत्तर शोधीत आले आहे. ते उत्तर कसे मिळते, त्यावर किती विसंबावे आणि त्याच्या कक्षेबाहेर काय राहते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

मेरुरज्जू मणक्यांच्या नळीतून खाली उतरतो आणि प्रौढ माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या सुमारास संपतो. त्यातून मज्जातंतूंच्या एकतीस जोड्या निघतात. मेंदूची आज्ञा स्नायूंपर्यंत पोहोचविणे, त्वचेवरील स्पर्श व वेदना मेंदूपर्यंत नेणे आणि मूत्राशय, आतडी, रक्तदाब व घाम यांचे नियमन करणे, ही सर्व कामे याच मार्गाने चालतात. म्हणून रज्जू मानेत दुखावला तर हात व पाय दोन्ही दुबळे होतात. पाठीत दुखावला तर हात शाबूत राहून धडाचा खालचा भाग व पाय लुळे पडतात. येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. क्ष-किरण चित्रात मोडलेला दिसतो तो मणका. दुखापतीची पातळी मात्र मणक्यावरून ठरत नसून, शरीराच्या दोन्ही बाजूंस संवेदना व शक्ती जेथवर पूर्ण शाबूत आढळतात त्या सर्वांत खालच्या ठिकाणावरून ठरते.

वर्गीकरणाचा इतिहास फार जुना नाही, कारण पूर्वी रोगी जगतच नसत. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन पपायरसात ही दुखापत उपचारापलीकडची मानलेली आहे, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत हे मत फारसे बदलले नव्हते. त्या युद्धात अशा जखमी सैनिकांपैकी बहुसंख्य पहिल्या काही आठवड्यांतच दगावत, आणि त्यांचा बळी प्रामुख्याने शय्याव्रण व मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग हे दोन उपद्रव घेत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी स्वतंत्र केंद्र सुरू केले. रोग्यास ठराविक वेळाने कुशीवर वळविणे, मूत्राशयाची निगा राखणे, व्यायाम, खेळ व उद्योग ही त्यांच्या पद्धतीची अंगे होती. रोगी जगू लागले, तेव्हा कोण किती सुधारतो हे मोजण्याची गरज उत्पन्न झाली. १९६९ मध्ये त्याच केंद्रातील फ्रँकेल व त्यांचे सहकारी यांनी पाच श्रेणींची पद्धती प्रसिद्ध केली. तिच्या पायावर अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशनने १९८२ मध्ये आपली मानके तयार केली. पुढे वेळोवेळी सुधारलेली ही मानके आज जगभर वापरली जातात.

या तपासणीस कोणतेही मोलाचे यंत्र लागत नाही. कापसाचा बोळा, टाचणी आणि शिकलेला हात एवढे पुरते. शरीराच्या प्रत्येक बाजूस त्वचेवरील २८ बिंदूंपाशी हलका स्पर्श व टोचणी तपासून प्रत्येकास ० ते २ गुण देतात. प्रत्येक बाजूच्या १० ठराविक स्नायूगटांना ० ते ५ गुण दिले जातात. हालचालीची खूणही नसेल तर शून्य. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव पूर्ण उचलला गेला तर तीन. शक्ती पूर्ण असेल तर पाच. अशा रीतीने दोन्ही बाजूंची मिळून शक्तीची बेरीज जास्तीत जास्त १०० होते.

तथापि श्रेणी ठरविताना निर्णायक ठरते ती तपासणी गुदद्वाराभोवतालची, कारण रज्जूच्या अगदी शेवटच्या भागातील तंतू तेथे पोहोचतात. तेथे संवेदना नाही आणि आकुंचनही नाही, तर दुखापत ‘पूर्ण’ समजून ‘ए’ श्रेणी देतात. तेथे संवेदना आहे, परंतु खाली हालचाल मुळीच नाही, ती ‘बी’. हालचाल आहे, पण पातळीखालील निम्म्याहून अधिक प्रमुख स्नायूंना तिनापेक्षा कमी गुण आहेत, ती ‘सी’. निदान निम्म्या स्नायूंना तीन वा अधिक गुण आहेत, ती ‘डी’. आधी दुखापत असून आता सर्व पूर्ववत झाले, ती ‘ई’. संकोचामुळे वा घाईमुळे ही शेवटची तपासणी टाळली, तर अपूर्ण दुखापत पूर्ण म्हणून नोंदली जाण्याचा संभव असतो, आणि त्या एका अक्षराने कुटुंबाची आशा व पुढील उपचारांची दिशा दोन्ही बदलतात.

तपासणीची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. आघातानंतर काही काळ रज्जू जणू स्तब्ध होतो. पातळीखालील प्रतिक्षिप्त क्रिया मावळतात. रोगी बेशुद्ध असेल, वेदनेने वा औषधांनी ग्लानीत असेल, तर उत्तरे विश्वसनीय नसतात. म्हणून पहिल्या दिवसाच्या तपासणीपेक्षा सुमारे ७२ तासांनंतरची तपासणी भविष्याविषयी अधिक भरवशाची मानतात. पहिल्याच रात्री उच्चारलेला ‘कायमचे’ हा शब्द शास्त्रास धरून नाही. आणि ‘महिन्याभरात चालू लागेल’ हे आश्वासनही तसेच.

सुधारणा होते ती कशी? रज्जूतील मृत पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. परंतु सूज ओसरते, केवळ मुके झालेले तंतू पुन्हा वहन करू लागतात, आणि वाचलेले तंतू सरावाने नवे काम उचलतात. यामुळे बहुतेक सुधारणा पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत दिसते. वर्ष-दीड वर्षानंतर तिची गती पुष्कळच मंदावते. आरंभी ‘ए’ श्रेणीत असलेल्यांपैकी साधारणतः पाचांत एक वा त्याहूनही कमी रोगी वरच्या श्रेणीत जातात, आणि त्यांतील थोडेच चालू शकतात. उलट ‘डी’ श्रेणीतील बहुतेक चालू लागतात. ‘बी’ श्रेणीतही ज्यास टाचणीची टोचणी कळते त्याची आशा, ज्यास केवळ स्पर्श कळतो त्याच्याहून अधिक असते. कारण वेदना नेणारे तंतू व हालचालीची आज्ञा नेणारे तंतू रज्जूत शेजारी-शेजारी असतात, आणि एक वाचला तर दुसराही वाचल्याचा संभव असतो. २०११ मध्ये युरोपातील संशोधकांनी केवळ वय, गुडघा ताठ करणाऱ्या व पाऊल खाली दाबणाऱ्या स्नायूंची शक्ती आणि त्याच दोन पातळ्यांवरील स्पर्श यांच्या आधारे एका वर्षानंतरच्या चालण्याचा अंदाज बांधण्याचा नियम मांडला. तुटलेले तंतू जोडून रोग्यास पूर्ववत करील असा सिद्ध उपचार मात्र आजमितीस उपलब्ध नाही. मूलपेशींचे प्रयोग चालू आहेत. पण प्रयोगास उपचार समजून शेत विकणे योग्य नव्हे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. रोहण्यातील एखादा शेतकरी झाडावरून पडला, त्याची श्रेणी ‘ए’ ठरली आणि तीन आठवड्यांनी तो घरी परतला, अशी कल्पना करा. श्रेणीचे काम येथे संपले. पण त्याचे आयुष्य आता सुरू झाले आहे. ते किती व कसे असेल हे पुढे ठरते ते त्याची त्वचा, मूत्राशय व घर यांवर. गादीवर एकाच स्थितीत काही तास पडून राहिल्यास माकडहाड, ढुंगण व टाचा येथील त्वचा दाबाने मरते, आणि रोग्यास त्याची वेदना होत नाही. म्हणून आरंभी दर दोन तासांनी कूस बदलणे आणि दररोज आरशाच्या साहाय्याने त्वचा पाहणे, हे औषधाइतकेच आवश्यक आहे. लुळे पाय शेकण्याची घरोघरची चाल येथे घातक ठरते. चटका बसला तरी कळत नाही. मूत्राशयासाठी दिवसातून ठराविक वेळा स्वच्छ नळी घालून लघवी काढण्याची पद्धती १९७२ मध्ये अमेरिकेत लॅपिडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. साबणाने धुतलेले हात व स्वच्छ नळी यांवर ती उभी आहे आणि खेड्यातही पाळता येते. कपडे ओले होतील या भीतीने पाणी कमी पिणारा रोगी मूत्रमार्गात खडे व संसर्ग ओढवून घेतो. वर्ध्याच्या वैशाखात तर दुहेरी धोका असतो : दुखापत छातीच्या वरच्या भागात वा मानेत असल्यास त्या खाली घाम येत नाही, आणि साध्या उन्हानेही ताप चढतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या अहवालात दरवर्षी अडीच ते पाच लाख माणसांना ही दुखापत होते आणि त्यांना अकाली मृत्यूचा धोका इतरांहून दोन ते पाच पट असतो, असे नमूद केले आहे. हे मृत्यू पुष्कळ अंशी टाळण्याजोगे असतात, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट होय.

महाराष्ट्रात या कामास परंपरा आहे. श्रीमती कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. १९५५ मध्ये मुंबईतच भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये खडकी येथे जखमी सैनिकांसाठी केंद्र उभे राहिले. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी होऊन कमरेखाली अधू झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. वर्धा जिल्ह्यातही १९६९ पासून सेवाग्राम येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु रुग्णालयाचे दार आणि गावचा उंबरठा यांमधील अंतर अद्याप कापावयाचे आहे.

हे अंतर मोजण्यास श्रेणी असमर्थ आहे. त्यासाठी १९९७ मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी स्वावलंबनाचे निराळे मापन तयार केले. त्याच्या सुधारित रूपात १०० पैकी २० गुण जेवण, आंघोळ, कपडे यांस. ४० गुण श्वसन व मलमूत्राच्या व्यवस्थेस. आणि ४० गुण हालचालीस आहेत. ‘ए’ श्रेणीचा मनुष्य हात शाबूत असल्यास खुर्चीवर स्वतः चढू शकतो, आपली नळी स्वतः घालू शकतो, बसून दुकान वा शिवणयंत्र चालवू शकतो. त्याची श्रेणी वर्षानंतरही ‘ए’ राहील. त्याचे हे गुण मात्र पुष्कळ वाढलेले असतील. उलट चांगल्या श्रेणीचा रोगी घरी शय्याव्रणाने दगावू शकतो.

म्हणून प्रत्येक नोंदीत दोन रकाने हवेत, असे सुचवावेसे वाटते : एक ७२ तासांनंतर व एका वर्षानंतर तपासलेल्या श्रेणीचा, आणि दुसरा घरी जाऊन पाहिलेल्या स्वावलंबनाचा, त्वचेचा व मूत्राशयाचा. पहिला रकाना रुग्णालयात भरता येतो. दुसरा भरावयास कुणीतरी गावापर्यंत जावे लागेल. गावातील आशा कार्यकर्तीस थोडे शिक्षण दिल्यास ती हे करू शकेल. अपघाताच्या जागीही ज्ञानाची तितकीच गरज आहे : पडलेल्या माणसास बसवू नये, हातापायांस धरून उचलू नये, मान व पाठ एका रेषेत ठेवून चौघांनी त्यास सपाट फळीवर घ्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा पुन्हा चालेल काय, याचे उत्तर पुष्कळदा पहिल्या घटकेतील दुखापतच देऊन टाकते. हा पुन्हा आपल्या अंगणात, आपल्या कामावर बसेल काय, याचे उत्तर मात्र अजून आपल्या हाती असते.