दहा श्वासांचा पाऊस

आमच्या नृसिंहवाडीत नदी भिंतींवर रेघ ओढून जाते. कृष्णा फुगते, पाणी देवळाच्या उत्तरेकडून आत येतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. तो दक्षिणद्वार सोहळा. लोक त्या पाण्यात स्नानाला धावतात. मी मात्र पाणी ओसरायची वाट बघतो. मागं राहिलेली गाळाची रेघ मला कुठल्याही चित्राइतकी बघवते. हात न लावता उमटलेली रेघ!

हे वेड लहानपणचं. काडी दुधात बुडवून कागदावर लिहायचं, वाळलं की काही दिसत नाही, आणि कागद चुलीच्या धगीवर धरला की अक्षरं तपकिरी होऊन वर येतात. दुधातली साखर आणि प्रथिनं कागदाच्या आधी करपतात, एवढंच त्यामागचं शास्त्र. "बासुंदीचं दूध हाय ते, चित्रं काढायचं न्हवं," म्हणून आज्जीचा धपाटा बसायचा. वाडीत दुधाची अशी नासाडी म्हणजे पापच.

पुढं शाई करायला लागलो. समर्थांनी दासबोधातल्या लेखनक्रियेच्या समासात देशोदेशींचे बोरू जमवायला सांगितलंय. मी देशोदेशींच्या शाया जमवायचं ठरवलं आणि शेवटी हिरड्यावर येऊन थांबलो. हिरडे जाडसर कुटून रात्रभर भिजवायचे, सकाळी उकळायचे. काढा पिवळसर, चहासारखा. त्यात चिमूटभर हिराकस पडला की डोळ्यांदेखत निळसर काळोख पसरतो. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोह यांचं ते मीलन. ही शाई कागदावर उतरताना राखाडी असते. हवा लागेल तशी काळी होत जाते. म्हणजे तुम्ही हात उचलल्यावरही ती लिहीतच असते. हिराकस जास्त झाला तर मात्र आम्लानं कागदच खाऊन टाकते, अक्षराच्या जागी भोक!

काजळाची शाई याच्या उलट, सोशिक. दिव्याचं काजळ डिंकाच्या पाण्यात खलात घोटत बसायचं, हात दुखेपर्यंत. डिंक बाभळीचा चालतो, पण मी कवठाचा घेतो. वाडीला येणारे कवठाची बर्फी पुड्यात बांधून नेतात. त्याच झाडाचा डिंक शाईला आणि जलरंगाला झकास लागतो, हे त्यांच्या गावीही नसतं. काजळ उन्हानं उडत नाही, पण पाण्याला भितं. ऑगस्ट २०१९च्या महापुरात माझ्या दोन वह्या भिजल्या. काजळाची पानं धुऊन निघाली, नुसते करडे ढग उरले. हिरड्याची अक्षरं जागेवर होती. खरं सांगायचं तर ढगच जास्त देखणे होते.

हे सगळं डोक्यात असताना मुंबईत एका प्रदर्शनात जितीश कल्लाट यांची चित्रं पाहिली आणि पाय तिथंच खिळले. त्यांची ओळख आधी उरकतो: जन्म मुंबईत, १९७४, जे. जे.तून १९९६मध्ये पदवी. २०१४ साली कोची-मुझिरिस बिएनालेचे क्युरेटर. २०१९मध्ये व्हेनिस बिएनालेच्या भारतीय दालनात सहभाग. झालं.

आता पावसाकडं या. त्यांच्या 'रेन स्टडी' मालिकेत रंगाचा थर दिलेला कागद पावसात आभाळाकडं धरतात. किती वेळ? घड्याळ नाही, श्वास मोजायचे. थेंब पडतील तिथं ठिपके उठतात आणि कागदावर चक्क तारांगण दिसायला लागतं. 'विंड स्टडी'त ज्वलनशील चिकट द्रवानं रेघा ओढून त्या पेटवायच्या. वारा ज्या बाजूचा, काजळीची शेपूट त्याच्या उलट बाजूला. हा द्रव त्यांनी आधीही वापरला होता. २००३च्या 'पब्लिक नोटिस'मध्ये नेहरूंचं स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीचं भाषण त्यांनी आरशांवर रबरी गोंदानं लिहिलं आणि जाळलं. त्या आचेनं आरसे वाकले, त्यामुळे भाषण वाचणाऱ्याला स्वतःचा चेहरा वेडावाकडा दिसतो. मला विचाराल तर त्या गाजलेल्या कामापेक्षा पावसाचे ठिपके सरस. आरशांना अर्थ लागतो, ठिपक्यांना लावावा लागत नाही.

अशी माणसं आधीही होती. व्हिक्टर ह्यूगो कादंबऱ्या लिहून उरलेल्या वेळात शाई, कॉफी आणि काजळी फासून भुताटकीचे किल्ले काढायचा. आखाती युद्धानंतर, १९९१मध्ये, विवान सुंदरम यांनी कोळशाबरोबर इंजिन ऑइल कागदावर आणलं. तेलाचं युद्ध तेलानंच काढलं! शिवाय कागदात तेल जिरतं, कडा ओलांडून पसरतं. त्याला चित्रकाराची आज्ञा कळत नाही.

गेल्या आषाढात मीही घाटावर गेलो. हातकागदावर हिरड्याच्या शाईचा थर वाळवून घेतला होता. छत्री मिटली, कागद वर धरला आणि दहा श्वास मोजायला लागलो. सहाव्या श्वासाला एका परगावच्या काकूंनी विचारलं, "अहो, हा कसला नवस?" हसू आलं, मोजणी चुकली. घरी येऊन बघतो तर ठिपके जेमतेम, हिरड्यानं पाण्याला दाद दिली नव्हती. काजळाची शाई न्यायला हवी होती. कोपऱ्यात फक्त तीन टपोरे डाग होते, पावसाचे नव्हेत. मी औदुंबराखाली उभा होतो. फांदीवरून ओघळलेले ते थेंब.