दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघितली आणि आता कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा



१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते आणि प्रोसेसरही तुलनेने नवा लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आता लोणावळ्यातलं चिक्कीचं दुकान घ्या, पवना धरणाकाठचं कॅम्पिंग घ्या, वडगाव-कामशेतमधलं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान घ्या, नाहीतर तळेगावातलं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप. तिथला आठ-दहा वर्षांचा कॉम्प्युटर या अटीत बसत नाही. मग कोणीतरी सांगतं, "लिनक्स मिंट टाकून बघ, फुकट आहे आणि हलकं आहे."

सल्ला वाईट नाही. पण टाकून बघितल्यावर बऱ्याच जणांची एकच तक्रार असते: "सर, आधी एका मिनिटात चालू व्हायचा, आता तीन मिनिटं लागतात."

तीन मिनिटं ऐकायला कमी वाटतात. पण पावसाळ्यातला शनिवार आहे, भुशी डॅमकडे जाणारी गर्दी दुकानात शिरली आहे, तेवढ्यात लाइट जाऊन परत आली आणि बिलिंगचा कॉम्प्युटर अजून गोल गोल फिरतोय, अशा वेळी तीन मिनिटं फार मोठी असतात. मग घाईत कोणाला तरी बोलावलं जातं, तो म्हणतो "फॉरमॅट मारावा लागेल", आणि खरं नुकसान तिथे होतं. स्टार्टअपची दोन मिनिटं वाचतात, पण तीन वर्षांचा बिलिंगचा डेटा जातो.

म्हणून आज एकच गोष्ट शिकायची. कॉम्प्युटर हळू झालेला नसतो, तो कुठेतरी थांबून कशाची तरी वाट बघत असतो. तो कुठे थांबतोय ते शोधा. बहुतेक वेळा फॉरमॅटची गरजच पडत नाही.

## सगळ्यात आधी: डेटा बाहेर काढा

कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी ही तीन कामं करा.

१. बिलिंग किंवा अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून बॅकअप घ्या आणि तो पेनड्राइव्हवर किंवा एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवा. त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर ठेवलेल्या कॉपीला बॅकअप म्हणत नाहीत. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. "फॉरमॅटमध्ये गेल्या" हे कारण तिथे चालत नाही.

२. लॅपटॉप असेल तर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधी लिहून घ्या. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. बायोसमध्ये काही बदललं की विंडोज ही की मागू शकतं, आणि की नसेल तर डेटा उघडत नाही.

३. बायोसमध्ये जाल तेव्हा बदल करण्याआधी प्रत्येक स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढा. काही बिघडलं तर जसं होतं तसं परत करता येतं.

## मोबाइलचा स्टॉपवॉच लावा

कॉम्प्युटर पूर्ण शटडाउन करा. मग पॉवर बटण दाबा आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच सुरू करा. चार टप्प्यांची वेळ कागदावर लिहा:

- टप्पा १: बटण दाबल्यापासून कंपनीचा लोगो जाईपर्यंत
- टप्पा २: कुठली सिस्टिम हवी ते विचारणारा मेनू दिसतो तेवढा वेळ
- टप्पा ३: विंडोजचं किंवा लिनक्सचं चिन्ह फिरतं तिथपासून लॉगिनपर्यंत
- टप्पा ४: पासवर्ड टाकल्यापासून बिलिंग सॉफ्टवेअर उघडेपर्यंत

जो आकडा सगळ्यात मोठा, तिथून सुरुवात करायची. बाकीच्याला हात लावायचा नाही.

## टप्पा १ मोठा असेल तर

इथे विंडोज किंवा लिनक्स अजून सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे त्यांना दोष देऊन उपयोग नाही. लिनक्स टाकताना आपण बायोसमध्ये "आधी पेनड्राइव्हवरून चालू हो" असं सांगितलेलं असतं आणि नंतर ते तसंच राहतं. मग कॉम्प्युटर रोज आधी यूएसबी शोधतो, काही मशीन नेटवर्कवरही शोधतात, आणि शेवटी हार्ड डिस्ककडे येतात. स्क्रीनवर पीएक्सई असं काही दिसत असेल तर तो नेटवर्कवर शोधतोय असं समजा.

उपाय: लावून ठेवलेला पेनड्राइव्ह काढा. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, तिथून ट्रबलशूट आणि ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून यूईएफआय सेटिंग्जमध्ये जा. बूट ऑर्डरमध्ये तुमची रोजची सिस्टिम पहिली आणा. विंडोज वापरत असाल तर "विंडोज बूट मॅनेजर" पहिला पाहिजे. नेटवर्क बूट बंद करा.

## टप्पा २ मोठा असेल तर

हा सगळ्यात सोपा. दोन सिस्टिम असल्या की मधे एक मेनू येतो. लिनक्सचा ग्रब मेनू साधारण १० सेकंद थांबतो. उबंटूमध्ये मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट सुरू झाला नसेल, तर तोच मेनू ३० सेकंद थांबू शकतो. विंडोज १० च्या बाजूला दुसरं विंडोज टाकलं असेल तर निळा मेनू येतो, तोसुद्धा ३० सेकंदांचा असतो.

ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये टाइमआउटचा आकडा १० चा ३ करायचा आणि मग अपडेट-ग्रब ही कमांड चालवायची. विंडोजच्या निळ्या मेनूसाठी एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅबमध्ये टाइमआउट कमी करा. दुसरं विंडोज काढून टाकलेलं असूनही त्याचं नाव यादीत दिसत असेल, तर ते तिथूनच डिलीट करा. पण आत्ता जे चालू आहे त्याच्यावर "करंट" लिहिलेलं असतं, त्याला हात लावू नका.

लिनक्स काढायचं असेल तर क्रम पाळा. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला करा, कॉम्प्युटर दोनदा सुरू करून बघा, आणि मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन काढा. उलट केलंत तर काळ्या स्क्रीनवर नुसतं "ग्रब" लिहिलेलं दिसेल. घाबरू नका, डेटा गेलेला नसतो, बूट ऑर्डर बदलली की विंडोज परत येतं. मात्र जुन्या लेगसी बायोसच्या मशीनमध्ये विंडोजच्या रिपेअर पेनड्राइव्हने बूटचा भाग दुरुस्त करावा लागतो. तिथे जाणकाराची मदत घ्या.

## टप्पा ३ मोठा असेल तर: विंडोज

पहिलं कारण म्हणजे फास्ट स्टार्टअप बंद असणं. हे चालू असताना विंडोज शटडाउनला पूर्ण बंद होत नाही. आपला अर्धा पसारा डिस्कवर बांधून ठेवतं आणि सकाळी तोच उघडतं. रात्री दुकानातला माल आत न नेता जागेवरच ताडपत्री टाकली की सकाळी दुकान लवकर लागतं, तसंच हे. लिनक्स टाकताना ते बंद करायला सांगतात, आणि ते बरोबरच आहे, कारण अर्धवट बंद असलेल्या विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्सने काही लिहिलं तर फाइली खराब होऊ शकतात.

आता निर्णय तुमचा. दोन्ही सिस्टिम ठेवणार असाल तर ते बंदच राहू द्या आणि थोडा उशीर मान्य करा. लिनक्स काढलं असेल तर कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणाच्या सेटिंगमध्ये जाऊन परत चालू करा. एक लक्षात ठेवा, याचा फायदा शटडाउननंतर दिसतो, रीस्टार्टमध्ये दिसत नाही.

दुसरं कारण म्हणजे डिस्कची तपासणी. "स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह" असं येत असेल तर एकदा ती पूर्ण होऊ द्या, मधेच बटण दाबून बंद करू नका. रोज येत असेल तर दोन शक्यता आहेत. एकतर लाइट जाऊन कॉम्प्युटर वारंवार धाडकन बंद होतोय. मावळात पावसाळ्यात हे होतंच, त्यामुळे यूपीएस घ्या. नाहीतर डिस्कच जायला आली आहे. ती तपासून घ्या आणि तोपर्यंत रोज बॅकअप घ्या.

## टप्पा ३ मोठा असेल तर: लिनक्स

आधी एक लिनक्स होतं, मग दुसरं टाकून बघितलं, आणि आता पहिलंच हळू सुरू होतंय? इथे कारण जवळजवळ ठरलेलं असतं. रॅम कमी पडली की डिस्कचा जो तुकडा वापरला जातो त्याला स्वॅप म्हणतात. प्रत्येक पार्टिशनला एक लांबलचक ओळख क्रमांक असतो. दुसरं लिनक्स टाकताना इन्स्टॉलर जुनं स्वॅप फॉरमॅट करू शकतो आणि त्याचा क्रमांक बदलतो. पहिल्या लिनक्सच्या एफएसटॅब फाइलमध्ये मात्र जुनाच क्रमांक असतो.

कुरिअरवाला जुन्या पत्त्यावर बंद शटरसमोर उभा राहतो तसं होतं. लिनक्स त्या क्रमांकाची वाट बघतं, साधारण दीड मिनिट. मग सोडून देतं आणि पुढे जातं. स्क्रीनवर "स्टार्ट जॉब इज रनिंग" आणि शेजारी १ मिनिट ३० सेकंदांची मर्यादा दिसत असेल, तर हाच प्रकार समजा.

उपाय: बीएलकेआयडी या कमांडने नवा क्रमांक बघा, एफएसटॅबची आधी कॉपी काढा, आणि मग जुन्याच्या जागी नवा क्रमांक लिहा. स्वॅप पार्टिशनच राहिलं नसेल तर त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश चिन्ह टाका. मिंट आणि उबंटूमध्ये रिझ्युम नावाच्या फाइलमध्येही जुना क्रमांक अडकलेला असू शकतो. तोही बदलून इनिटरॅमएफएस अपडेट करायचं. या कमांडची स्पेलिंग व्हिडिओमध्ये स्क्रीनवर दिली आहेत, बघून टाइप करा. फाइल बदलताना भीती वाटत असेल तर हे काम माहितगाराकडून करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

## टप्पा ४ मोठा असेल तर

खरं सांगायचं तर याचा नव्या सिस्टिमशी बहुतेक वेळा संबंध नसतो, आत्ता लक्ष गेलं इतकंच. टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप ॲप्स उघडा. मीटिंगची ॲप, प्रिंटरची जादा सॉफ्टवेअर, दोन-दोन अँटिव्हायरस, जे सकाळी लागत नाही ते डिसेबल करा. अँटिव्हायरस मात्र एक राहू द्या. कॉम्प्युटरमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवल्यावर जो फरक पडतो तो कुठल्याही सेटिंगने पडत नाही.

## घड्याळ चुकतंय का, तेही बघा

लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात आणि वेळ बरोबर साडेपाच तास मागे दिसतेय? सकाळी ९ चं बिल पहाटे साडेतीनचं छापून येतंय? हा बिघाड नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ धरतं. लिनक्समध्ये एका कमांडने हे जुळवता येतं. पण तारीखच काही वर्षं मागे जात असेल आणि दर वेळी एफ १ दाबायला सांगत असेल, तर मदरबोर्डवरचा गोल सेल संपला आहे. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर २०३२ असतो. सेल संपला की बूट ऑर्डरही मूळपदावर जाते आणि टप्पा १ परत लांबतो.

## टेक्निशियनला बोलावलंत तर काय सांगायचं

"कॉम्प्युटर स्लो झालाय" एवढंच सांगू नका. असं सांगा: "बटण दाबल्यापासून लोगो जायला इतके सेकंद, मेनूला इतके, लॉगिनपर्यंत इतके. अमुक सिस्टिम टाकली होती, ती अजून आहे किंवा काढली आहे. डेटाला हात लावायचा नाही, मला न विचारता फॉरमॅट करायचं नाही." ग्राहकाला माहिती आहे हे कळलं की समोरचाही नीट तपासतो.

फॉरमॅटची खरी वेळ कधी येते? सिस्टिमच्या फाइलीच खराब झाल्यात, व्हायरस आहे, किंवा डिस्क बदलायची आहे तेव्हा. तेही बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्यानंतरच.

## पुढच्या वेळी प्रयोग करताना

नवी सिस्टिम जरूर बघा, पण बिलिंगच्या मशीनवर थेट इन्स्टॉल करू नका. लिनक्स मिंट आणि उबंटू पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालवून बघता येतात. तुमचा प्रिंटर, बारकोड स्कॅनर, डिजिटल सिग्नेचरचा टोकन आणि बिलिंग सॉफ्टवेअर चालतंय का ते तिथेच बघा. पेनड्राइव्हवरून सगळं हळू चालतं, त्यामुळे वेगाचा अंदाज त्यावरून बांधू नका. आणि प्रयोग धंद्याच्या दिवशी नको. लोणावळ्यात तुमचा मंगळवार-बुधवार मोकळा असतो, शुक्रवारी रात्री हात घालू नका.

आज रात्री दुकान बंद करताना बॅकअप घ्या, आणि उद्या सकाळी स्टॉपवॉच लावून चार आकडे लिहून काढा. ते हातात आले की निम्मं काम झालं.