गाठ नाही, तरीही तपासा

आयाबहिणींनो, स्तनाचा कॅन्सर म्हणजे गाठ, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण काही प्रकारांत गाठ हाताला लागतच नाही.

दाहक कॅन्सर शंभरात १ ते ५ रुग्णांनाच होतो, पण झपाट्याने पसरतो. काही आठवड्यांतच स्तन लाल, गरम होऊन सुजतो. कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध साचूनही असेच होते, म्हणून डॉक्टर आधी अँटिबायोटिक देतात. आठवडा-दहा दिवसांत उतार पडला नाही, तर मोठ्या दवाखान्यात जाऊन कातडीसह तुकड्याची तपासणी मागा. मॅमोग्राफीत काही दिसले नाही तरी ती टाळू नका.

दुसरा पॅजेटचा आजार. एकाच बोंडावर खाज, खपली, चिघळणे. नायटा समजून मेडिकलचे मलम लावण्यात महिने जातात. इथेही तुकडा तपासूनच खरे कळते.

वस्तीत फिरताना आम्ही बघतो, लाजेपायी बाया दुखणे अंगावर काढतात. निदान आशाताईला तरी सांगा. खर्चाची धास्ती नको. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधी घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या.